ट्रेकचा चाकू: घेताना कानस, लावताना स्केचपेन

भाच्याने मागच्या पावसाळ्यात एक चाकू मागवला. दहा इंची पातं, पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र, आणि मूठ पोकळ. तिच्यात काड्या, गळ, दोरा असला सगळा संसार. मला दाखवायला आणला तेव्हा मी तो कानाशी धरून नुसता हलवला. आत पातं खुळखुळत होतं. पोकळ मुठीत लोखंड जेमतेम पाऊण इंच शिरलेलं आणि सगळा भार एका नटावर. तरी गडी राजमाचीला घेऊन गेलाच. ओलं लाकूड फोडायला पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला पातं लाकडात आणि मूठ हातात. अंगठ्याला चार टाके पडले.

टाके निघाल्यावर साहेब विचारायला आले, "मामा, मग कुठला घेऊ?" भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी तीस वर्षं पोलाद घासलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबलं. ते इथे लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज काढू. या चाकूंच्या जाहिरातीत "हंटिंग नाइफ" लिहिलेलं असतं आणि पोरांना वाटतं मोठं पातं म्हणजे शिकाऱ्याचं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच संपवला. पण जिथे ती कायदेशीर आहे, तिथला शिकारीही तलवार घेऊन फिरत नाही. फिनलंडचा पुक्को बघा. जनावर सोलण्यापासून चमचा कोरण्यापर्यंत सगळं त्याच्यावर होतं, आणि पातं साधारण मुठीएवढंच. कातडीखाली टोक कुठे चाललंय हे बोटांना कळायला हवं, म्हणून पातं आखूड. आपल्याला सोलायचा असतो कांदा आणि साफ करायचा असतो मासा, पण हिशोब तोच. नऊ ते अकरा सेंटिमीटर पातं पुरे. लाकूड तोडायचं काम कोयत्याचं. माझी आजी मुळशीकडची, तिने चाकूने कधी फाटी फोडली नाहीत आणि कोयत्याने कधी मिरची चिरली नाही.

आखूड पात्याचा आणखी एक फायदा कायद्याचा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेले त्यातून वगळलेत. आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार न्यायचं नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड अभयारण्यात येतात हे पुष्कळ ट्रेकरांच्या ध्यानात नसतं. तिथे चाकू घरी ठेवा, कांदा गावातून चिरून आणा.

आता निवड. लोखंड मुठीच्या आत किती गेलंय हे पहिलं बघा. शेवटपर्यंत गेलेलं सगळ्यात चांगलं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या किंवा फायबरच्या पट्ट्या आणि आरपार रिबिटा. स्वीडनच्या मोरा कंपनीचा 'कंपॅनियन' नावाचा चाकू मी बरीच वर्षं वापरतो. त्याचं लोखंड शेवटपर्यंत जात नाही, तरी प्लास्टिकच्या मुठीत ते घट्ट बसवलेलं असतं, आणि मी त्याच्यावर दगड मारत नाही. पात्याची जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या पात्याने टोमॅटो कापून बघा, कापला जात नाही, चेंगरतो. मूठ ओल्या हाताने धरून बघावी. दुकानात पाणी मागायला लाजू नका.

पोलाद दोन जातींचं. साधं कार्बनचं, म्हणजे १०९५ वगैरे नंबरचं, ज्यात कार्बन साधारण ०.९५ टक्के. त्याला दगडावर पटकन धार लागते, पण ते गंजतं. स्टेनलेस, म्हणजे मोराचं १२सी२७ वगैरे, त्यात क्रोमियम तेरा टक्क्यांच्या वर. गंजायला वेळ घेतं. पावसाळी ट्रेक करणाऱ्याने आणि आळशी माणसाने स्टेनलेस घ्यावं. मी कार्बन वापरतो, पण मला घरी येऊन पातं पुसायची खोड आहे. घिसाड्याकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पातं घडवून घेतलं तरी उत्तम. फक्त पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-बुडवून पोलाद योग्य तेवढं कडक केलंय का, ते तपासा.

ते तपासायचं कसं? कानशीने. मुठीजवळ जिथे धार नसते तिथे चांगली कानस हलक्या हाताने एकदा ओढा. गुळात शिरावी तशी चावली तर पातं मऊ आहे, धार दोन दिवसांत मुडपेल. काचेवरून जावी तशी नुसती घसरली तर फार कडक. हाडावर आपटलं की टवका उडेल. घसरत घसरत किंचित कीस निघाला तर घ्या. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५८ भरणारं पातं असंच वागतं. दुकानदार ओरडतो, ओरडू द्या. ऑनलाइन घेतलात तर मात्र ओरखडा काढल्यावर परत घेतील या आशेवर राहू नका.

आता धार. इथे जरा बैठक मारून बसा.

सायकलवरच्या धारवाल्याला चाकू देऊ नका. माणूस वाईट नाही, त्याचं चाक वाईट. कोरडं चाक जोरात फिरतं आणि धारेची बारीक कड क्षणात तापते. पोलाद आधी गवतासारखं पिवळं, मग जांभळं, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं. निळं दिसलं की त्या जागचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, तिथे धार टिकत नाही.

पुण्याच्या बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे कार्बोरंडमचा आठ इंची दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. तो पाण्यावर वापरायचा की तेलावर हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण तेल प्यायलेला दगड पुन्हा पाणी घेत नाही. मी पाणी वापरतो. दगडाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही.

सगळं कसब कोन धरण्यात आहे. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, परत दुमडला की साडेबावीस. तो कागद दगडावर उभा ठेवून पातं त्याच्या किंचित खाली टेकवा, वीस अंश झाले. अडीच सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ तेव्हा दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर असते. साधी पेन्सिल सात मिलिमीटरच्या आसपास. तिच्याहून थोडं वर, असं डोळ्याला शिकवा. मोरासारख्या पात्याला एवढंही नको. त्याचा धारेकडे जाणारा उतार रुंद आणि सपाट असतो, तो अख्खा दगडावर टेकवला की कोन आपोआप मिळतो.

आता स्केचपेन घ्या आणि धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी काळी रेघ ओढा. साबणाच्या वडीवरून पातळ पापुद्रा काढायचाय अशा बेताने, धार पुढे ठेवून, दोन-तीन हात मारा. मग पातं उजेडात धरा. काळं वरच्या बाजूला पुसलं गेलं आणि कडेला राहिलं, तर पाठ फार खाली आहे. फक्त कडेचं गेलं तर पाठ फार वर. सगळं एकसारखं गेलं की तोच कोन, तो सोडू नका. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ हळूहळू वर उचलावी लागते. बहुतेकांचं टोक बोथट राहतं ते इथेच.

एकाच बाजूने घासत राहा. किती हात, हे विचारू नका. दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे घासून घासून कडेचं पोलाद पलीकडे वळतं, त्याची केसाएवढी दुमड. डोळ्याला दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर सरकवा, कधीही धारेच्या लांबीवर नाही. कडेला काहीतरी अडकल्यासारखं, मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं. ते मुठीपासून टोकापर्यंत सलग लागलं पाहिजे. मध्ये दोन इंच गुळगुळीत लागले तर तिथे धार अजून झालेलीच नाही. भाचा दर वेळी दहा हात इकडे, दहा तिकडे मारायचा आणि म्हणायचा, मामा, दगड खराब आहे. बर येण्याआधी बाजू बदलली की दोन उतार एकमेकांना भेटतच नाहीत. तास घालवा, चाकू बोथटच.

एका बाजूची बर आली की पातं उलटा आणि दुसऱ्या बाजूने तीच कसरत. मग दगडाची बारीक बाजू, आणि आता एक हात इकडे, एक तिकडे, दाब कमी कमी करत. शेवटचे चार-पाच हात नुसत्या पात्याच्या वजनाने. शेवटी जुना चामड्याचा पट्टा फळीवर ताणून, मऊ बाजू वर, त्यावर पातं उलटं ओढायचं. पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टा कापाल. न्हावी वस्तरा फिरवायचे तसं. पॉलिशवाल्यांकडचा हिरवा बफिंग साबण पट्ट्याला चोळला तर वीस हातांत उरलेली बर निघते.

झालं का, हे अंगावरचे केस कापून बघू नका. दिव्याखाली धार स्वतःकडे करून धरा. बोथट धार उजेड परत फेकते, पांढरी रेघ दिसते. चांगली धार दिसतच नाही. कुठे चमकता ठिपका दिसला तर ती जागा परत दगडावर. मग वर्तमानपत्राचा एक कागद हवेत धरून वरून खाली कापा, फाटला नाही आणि आवाज बारीक आला तर चाकू बॅगेत टाका.

ट्रेकवर दगड नेऊ नका. चहाचा चिनीमातीचा मग उलटा केला की बुडाला खरखरीत कडं असतं, ज्याला झिलई नसते. त्यावर दोन्हीकडून पाच-सहा हलके हात मारले की उतरलेली धार वर येते. दगड मध्ये खड्डा पडून पन्हाळीसारखा झाला असेल तर काचेवर जाड पॉलिश पेपर ओला करून त्यावर घासून सपाट करा. खड्ड्यात कोन कसा धरणार?

गंजाबद्दल. कार्बनच्या पात्याने कैरी किंवा कांदा कापला की ते निळं-काळं पडतं. ते राहू द्या, तो थर पात्याला राखतो. तांबडं दिसलं तर मात्र लगेच घासून काढा. चामड्याच्या म्यानात चाकू फक्त चालताना. घरी बाहेर ठेवा, पावसाळ्यात चामडं महिनाभर ओल धरतं. पात्याला शिलाई मशीनचं तेल लावू नका, त्याच चाकूने उद्या काकडी कापायची असते. खोबरेल लावा. चोवीस अंशांखाली ते गोठतं, डिसेंबरच्या पहाटे गडावर बाटलीतून थेंब निघत नाही. बाटली रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा.