जर्मनीत बाजारहाट जमला त्याची गोष्ट

लेकीच्या बाळंतपणासाठी गुहागरहून तीन महिने जर्मनीला गेले होते. जर्मन शून्य, इंग्रजी जेमतेम.

पहिल्याच आठवड्यात पीठ आणलं आणि पोळ्या वातड झाल्या. पाकिटावर ४०५ लिहिलेलं; तो म्हणजे आपला मैदाच की! जावई म्हणाले, आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. मग मी १०५० धरलं. अक्षर कळत नसलं तरी आकडा कळतो. घावनांसाठी मात्र शब्द पाठच केला, राइसमेल.

खरी फजिती औषधाची. डोकं धरलं म्हणून साबण-शाम्पूच्या दुकानात पॅरासिटामॉल शोधत बसले. तिथे ते मिळतच नाही. त्यासाठी लाल 'ए'ची पाटी असलेलं आपोटेक, म्हणजे औषधांचं दुकान, गाठावं लागतं, आणि तिथेही काउंटरवर मागावंच लागतं. मी मागणार कसं? घरातल्या जुन्या खोक्याचा फोटो दाखवला. काम झालं.

तेव्हापासून रिकामं पाकीट फोटो काढल्याशिवाय फेकलं नाही. फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप होतंच, भाषा आधीच उतरवून घेतलेल्या, म्हणजे दुकानात रेंज गेली तरी अडत नाही. फक्त वाक्य लहान लिहायचं. आपलं कोकणी तिरकस बोलणं त्याला झेपत नाही.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या मशीनमध्ये परत टाकल्या की बाटलीमागे अनामतीचे २५ सेंट परत मिळतात. तिथे भाषा लागतच नाही, म्हणून ते काम मी हौसेने करायचे.

आता आमच्या गावच्या वरच्या पाटातल्या वहिनी जर्मनीला निघाल्यात. त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून दिलंय: रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणा.