मुरडलेली नाकं आणि जुन्या रायफली: जाणकाराचा टोमणा कसा तपासावा

‘नंबर जुळत नाहीत.’ ‘ही तर ओव्हरहॉल झालेली.’ ‘कुणीतरी लाकूड कापलंय.’ जुन्या लष्करी रायफली जमवणाऱ्यांच्या घोळक्यात नवख्याने रायफल टेबलावर ठेवली की यातलं एखादं वाक्य येतंच. त्यातल्या काही टोमण्यांत खरी माहिती असते, तर काहींत नुसती मिजास. घोटाळा बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो: एका रायफलीचा नियम दुसरीला लावला जातो. जर्मन माउझरवर पोसलेली नजर अमेरिकी गॅरँडमध्येही जुळणारे नंबर शोधते आणि ते सापडले नाहीत की नाक मुरडते.

म्हणून टोमणा ऐकला की आधी त्याचा प्रकार ओळखा. त्याचा संबंध गोळी सुखरूप सुटण्याशी आहे का? रायफलीच्या इतिहासाशी आहे का? की फक्त किमतीशी? पहिल्या प्रकाराकडे कधीच दुर्लक्ष करू नका. दुसऱ्यासाठी थोडा अभ्यास लागतो. तिसरा विकताना आठवला तरी पुरे.

तपासणीआधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा, मॅगझिन रिकामं करा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून खात्री करा. टेबलावर जिवंत काडतूस नको.

नंबर कुठे शोधायचे

काराबिनर ९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल, हे या वेडाचं माहेरघर. तिच्या रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट धरणारा मुख्य सांगाडा) पूर्ण नंबर आणि बहुधा खाली एक अक्षर असतं, तर बारीकसारीक भागांवर शेवटचे दोन आकडे. अक्षरही पाहा. आकडे तेच पण अक्षर वेगळं असेल तर नंबर वेगळाच. रिसीव्हरच्या माथ्यावर कारखान्याची खूण असते. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने आधी ‘एस/४२’, मग नुसतं ‘४२’, १९४१ पासून ‘बीवायएफ’ आणि १९४५ मध्ये ‘एसव्हीडब्ल्यू’ वापरलं. इथे सगळे भाग मूळचे असले तर रायफल खरंच दुर्मीळ, आणि जाणकाराच्या आग्रहाला आधार आहे.

ब्रिटिश ली-एनफिल्डमध्ये बोल्टचा नंबर रिसीव्हरशी जुळणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिच्या पॉइंट ३०३ काडतुसाला कड असते आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं ती जागा यांतलं अंतर, त्या कडेवर ठरतो. नं. ४ रायफलीत बोल्टची डोकी ०, १, २, ३ अशा मापांत मिळतात. जुनी डोकी झिजलेली असतात, त्यामुळे छापील आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा. एसएमएलई या ली-एनफिल्डच्याच आधीच्या नमुन्याच्या डोक्यांवर असे आकडे नसतात; ती घासून बसवावी लागतात.

मोसिन-नागांत एम९१/३० मात्र युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत मोठ्या संख्येने नव्याने सजल्या. बोल्ट, मॅगझिनचा तळ आणि दस्त्याची पट्टी यांवर जुना नंबर खोडून नवा घातलेला दिसतो, कधी ठोकून, कधी विजेच्या पेन्सिलीने कोरून. ही फसवणूक नव्हे, शस्त्रागाराची कार्यपद्धती आहे. तिरकी रेघ मारलेली चौकट हीही तिथलीच खूण. युद्धात सोव्हिएतांच्या हाती लागलेल्या काराबिनरांचंही हेच झालं. त्यातल्या अनेकींवर रिसीव्हरच्या डाव्या बाजूला ‘एक्स’ असतो आणि बोल्टवर कोरलेला नवा नंबर.

आता खोटं कसं ओळखायचं? भिंग घ्या आणि तिरका उजेड पाडा. आकड्याच्या खाचेचा तळ चकचकीत पण आजूबाजूचा पोलाद काळवंडलेला असेल, आकड्याभोवती धारदार कडा वर आलेल्या असतील, नंबराखाली जुना आकडा घासून पडलेला खोलगट भाग जाणवत असेल, किंवा एकाच रायफलीवर आकड्यांची वळणं वेगवेगळी असतील, तर विक्रेत्याच्या ‘सगळं जुळतंय’वर विश्वास ठेवू नका. शस्त्रागाराने उघडपणे जुळवलेली रायफल या लपवाछपवीपेक्षा कितीतरी प्रामाणिक.

गॅरँडची गंमत

एम१ गॅरँडमध्ये क्रमांक फक्त रिसीव्हरला असतो. बाकी भागांवर आराखड्याचे क्रमांक असतात: बोल्टवर डी२८२८७, ऑपरेटिंग रॉडवर डी३५३८२, शेवटी सुधारणेचा आकडा. म्हणजे ‘जुळणारी गॅरँड’ ही चीजच नाही. तरीही ‘त्या महिन्याचे त्या महिन्यात बसलेले’ भाग शोधून रायफल पुन्हा उभी करायचा छंद जोरात आहे. त्याला ‘करेक्ट’ म्हणतात. गंमत अशी की युद्धानंतर शस्त्रागारात मिसळलेल्या भागांची गॅरँड, दस्त्यावर दुरुस्तीचा शिक्का घेऊन, खऱ्या सैनिकाच्या हातात गेलेली असते, आणि ‘करेक्ट’ केलेली कुठल्याच सैन्यात त्या रूपात नव्हती. भाग बदलायचेच असतील तर काढलेले भाग चिठ्ठी लावून डब्यात जपा. टाकलात तर परत येणार नाहीत.

जिथे टोमणा ऐकायलाच हवा

दोन माउझरांचे बोल्ट अदलाबदल झाले असतील तर हेडस्पेस गेजने, म्हणजे काडतुसाच्या जागी घालायच्या नेमक्या मापाच्या ठोकळ्याने, तपासा. बोल्टमधून फायरिंग पिन काढा, इजेक्टर किंवा एक्स्ट्रॅक्टर गेजला अडत असेल तर तोही काढा. दोन बोटांनी, जोर न लावता बोल्ट बंद करा. ‘गो’ गेजवर तो बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. ‘नो-गो’वर बंद झाला पण ‘फील्ड’वर नाही, तर झिजलेली पण सैन्याच्या मर्यादेत. ‘फील्ड’वरही बंद झाला तर गोळी झाडू नका. पॉइंट ३०३ साठी ब्रिटिश लष्कराची मापं ०.०६४ आणि ०.०७४ इंच होती.

अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीचं ‘कमी नंबर’ प्रकरणही चेष्टेचं नाही. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचे ८,००,००० खालचे आणि रॉक आयलंड शस्त्रागाराचे २,८५,५०७ खालचे रिसीव्हर उष्णता-प्रक्रियेत ठिसूळ झाले असू शकतात, म्हणून ते झाडायला नकोत. ली-एनफिल्डवर ‘डीपी’, म्हणजे कवायतीसाठी, असं असेल तर तेच. जपानी कवायती रायफली गुळगुळीत नळीच्या असतात. त्यांत खरं काडतूस घालू नये.

जिथे टोमणा पोकळ आहे

इटालियन कारकानो रायफलीची कुचेष्टा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे: ‘लागतच नाही.’ कारण बहुधा काडतुसात असतं. इटालियन ६.५ नळीला ०.२६८ इंचांच्या (सुमारे ६.८ मिमी) आसपासची गोळी लागते, तर बाजारातल्या इतर ६.५ गोळ्या ०.२६४ इंचाच्या. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने गोळी ढिली पडते, आट्यांना (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) धरत नाही आणि निशाणा पसरतो. आधी नळी मोजा, मग तोंड उघडा.

एसएमएलईच्या पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला की ‘कुणीतरी ठोकलंय’ असं ऐकू येतं. तो इशापूर शस्त्रागाराने फट पडू नये म्हणून घातलेला मजबुतीचा स्क्रू असतो. जपानी टाइप ९९ वरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं चिन्ह घासलेलं असलं तर किंमत कमी होते, हे खरं. पण ते घासणं शरणागतीच्या काळाचीच खूण आहे.

मोसिनच्या नळीचं तोंड आतून पोखरलेलं असतं, त्यावरही नाकं मुरडतात. सफाईच्या गजाने झिजलेले आटे काढण्यासाठी शस्त्रागारात नळीच्या टोकाचा थोडा भाग मोठा केला जायचा. सुटी गोळी तोंडात घालून पाहा. ती जवळजवळ पूर्ण आत गेली तर नळी झिजलेली किंवा पोखरलेली. टॉर्च लावून आटे जिथून सुरू होतात ती आतली कड एकसारखी आणि तीक्ष्ण दिसली तर रायफल व्यवस्थित मारते.

लाकूड कापलेल्या रायफलीचंही तसंच. नळी मोजा: बोल्ट बंद, गज आत सोडा, बोल्टच्या तोंडाला टेकल्यावर नळीच्या तोंडापाशी खूण करा. काराबिनर ६०० मिमी, एसएमएलई सुमारे ६४०, एम९१/३० सुमारे ७३०. लांबी पूर्ण असेल आणि दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडलेली नसतील, तर लाकूड मिळवून ती पूर्वस्थितीत येते. भोकं स्क्रूने भरलेली असतात, ग्रीस पुसून वरच्या बाजूला नीट पाहा.

मिजास राखायला काय करू नये

लाकूड घासू नका. शिक्के जातात आणि परत येत नाहीत. पोचे ओलं कापड आणि इस्त्रीच्या वाफेने बऱ्यापैकी उठतात. जवसाचं तेल पातळ लावा, पण तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. पोलाद नव्याने काळं करू नका. स्क्रूला रुंदीत आणि जाडीत नेमका बसणारा, समांतर पात्याचा पेचकस वापरा. कुरतडलेली खाच पाहूनच जाणकार हसतात, आणि इथे ते बरोबर असतात.

जुनं, क्षारी प्रायमरचं काडतूस वापरलं असेल तर नळीत उरलेलं मीठ तेलाने जात नाही. आधी गरम पाणी, मग कोरडं कापड, शेवटी तेल.

प्रत्येक नंबराचा फोटो काढा, भाग-नंबर-शिक्का असा तक्ता करा, आणि विकताना या तीनपैकी एक स्थिती लिहा: ‘मूळचे जुळणारे’, ‘शस्त्रागारात जुळवलेले’, किंवा ‘मिश्र’. ‘सगळं एकाच नंबरचं’ असं मोघम लिहिणाऱ्याकडून तो तक्ता मागा.