डिप्रेशन, अँक्झायटी आणि कॉलेजातला अर्ज : बेळगाव भागातल्या मुलांसाठी

मी बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजच्या ऑफिसात काम करते. परीक्षेचे फॉर्म, हजेरीचं शॉर्टेज, हॉल तिकीट हे सगळं माझ्या खिडकीवर. सेमिस्टर संपत आलं की खानापूर, उचगाव, येळ्ळूरकडची काही मुलं येतात. "मॅडम, तब्येत बरी नव्हती." काय झालं होतं विचारलं की मान खाली. मागून आई किंवा काका हळूच म्हणतात, टायफॉईड लिहूया की. खरं म्हणजे पोराला डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतात, किंवा वर्गात बसलं की छाती धडधडते, हात थरथरतात.

टायफॉईडचं सर्टिफिकेट आणू नका. ते खोटं, आणि वर उपयोगाचंही नाही. त्यातून फार तर पंधरा दिवस भरून निघतील. तुमचं दुखणं दोन-तीन महिने चाललेलं असतं आणि परीक्षेच्या हॉलमध्येही ते तुमच्यासोबत येतं. खरा आजार लिहिलात तर मागण्यासारखं पुष्कळ आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार दिले आहेत, त्यात मानसिक आजार आहे. परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच येतं, ते यात बसत नाही. पण उठणं, आंघोळ, माणसात जाणं, वाचलेलं डोक्यात राहणं हेच अडायला लागलं असेल, तर तुमचा विषय या कायद्यात येतो. सरकारी आणि सरकारमान्य कॉलेजांनी अशा मुलांसाठी परीक्षेच्या पद्धतीत योग्य तो बदल करावा, असं कायदा सांगतो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवाच असं बजावलंय. तेव्हा ऑफिसात येऊन सरळ विचारा, "आपल्या कॉलेजचे कौन्सेलर कोण, कधी भेटतात?" हा प्रश्न विचारायला कागद लागत नाही, कारणही सांगावं लागत नाही.

आधी डॉक्टर. बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था याच कामाची. खानापूर-लोंढ्याकडच्यांना रेल्वेने ती सोयीची पडते. कन्नड नीट येत नसेल तर तिथे जाताना येणारं कुणी सोबत न्या, नाहीतर सांगायचं निम्मं मनातच राहतं. निपाणीची मुलं कोल्हापूरला दाखवतात, तेही चालतं. महाराष्ट्रातल्या डॉक्टरची चिठ्ठी कर्नाटकातल्या कॉलेजला चालणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लेटरहेड, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख आणि सही असली म्हणजे झालं. जायच्या आदल्या रात्री काय होतं ते कागदावर लिहून ठेवा. किती वाजता झोप लागते, कुठल्या तासाला जीव घाबरा होतो, बस चुकते की बसमध्ये चढायलाच होत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं "डिप्रेशन, विश्रांती हवी" असेल तर मला फारसं काही करता येत नाही. त्यांना विनंती करा : आजाराचा अभ्यासावर काय परिणाम होतो आणि तो साधारण कधीपर्यंत राहील, एवढं इंग्रजीत लिहून द्या. घरातली भांडणं, आधी काय घडलं, यातलं काहीही कॉलेजला लागत नाही. तुमच्या उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे. गोळ्या सुरू झाल्यावर गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला गुंगी किंवा मळमळही होते. नेमकी त्याच काळात इंटर्नल परीक्षा आली तर ती पुढे मागायला हे ठोस कारण आहे. आणि परीक्षा आली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, कृपा करून.

आता अर्ज. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि हजेरीची यादी युनिव्हर्सिटीला गेली की प्रिन्सिपलचेही हात बांधले जातात. म्हणून दुखणं लक्षात आलं त्याच महिन्यात द्या. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, एका पानात, साधारण असा : "मी बी.ए. तिसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी. माझ्यावर मानसोपचार चालू आहेत, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. मला पुढील सोयी द्याव्यात : उपचाराच्या दिवसांची हजेरी वैद्यकीय कारणात धरावी, हुकलेली इंटर्नल परीक्षा पुन्हा घ्यावी, परीक्षेत दाराजवळची जागा द्यावी आणि मध्ये पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. ही माहिती संबंधितांपुरतीच ठेवावी." बस. मागणी जितकी नेमकी, तितकी ती लवकर मंजूर होते. "मला समजून घ्यावं" असं लिहिलेल्या अर्जावर प्रिन्सिपल काय शेरा मारणार? दाराजवळची जागा मागितली तर मी सीटिंग लिस्टमध्ये दोन मिनिटांत बदल करते. दोन प्रती आणा, एकीवर इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, माझीसुद्धा.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ही याच्या पुढची पायरी, आणि ती सक्तीची नाही. मुलीच्या लग्नात आडवं येईल म्हणून पालक घाबरतात. कार्ड कुठे दाखवायचं ते तुमच्या हातात असतं. त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरतात. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूंना (दिव्यांगांसाठीचे गावपातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते) विचारा, त्यांचं कामच ते. मानसिक आजाराचं प्रमाण 'आयडियाज' या मोजपट्टीवर ठरवतात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम, शिवाय आजार किती काळ आहे. तिथे चांगले कपडे घालून "सगळं ठीक आहे" म्हणू नका; वाईट दिवस कसा जातो ते सांगा. जुन्या चिठ्ठ्यांची फाइल न्या. ४० टक्के किंवा जास्त आलं तर ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा मिळतो आणि सरकारी व अनुदानित कॉलेजांतल्या ५ टक्के राखीव जागांत अर्ज करता येतो. प्रमाणपत्र देशभर चालतं, त्यामुळे उद्या शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला गेलात तरी नवं काढायची गरज नाही. ते बहुधा ठरावीक मुदतीचं असतं, तारीख बघून ठेवा.

४० च्या खाली आलं किंवा कार्डच नाही, म्हणून वरच्या अर्जातल्या सोयी बंद होत नाहीत. वाजवी सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अडत नाही, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलंय. त्यांना लिहिताना हाताला पेटके येत आणि लेखनिक नाकारला गेला होता.

हे सगळं दिवसा ऑफिस उघडं असतानाचं. रात्री जगणं नकोसं वाटायला लागलं तर अर्ज, हजेरी सगळं बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलता येतं. आणि घरातल्या कुणाला तरी उठवा.

कॉलेजने उत्तरच दिलं नाही तर आठवड्याभराने इनवर्ड नंबर टाकून स्मरणपत्र द्या. तरीही काही हललं नाही, तर अर्जाची शिक्का असलेली प्रत आणि स्मरणपत्राची प्रत जोडून बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. मंजुरी आली तर तिची झेरॉक्स परीक्षेच्या दिवशी खिशात ठेवा, कारण हॉलवरचे सर बाहेरच्या कॉलेजचे असू शकतात. सेमिस्टर बदललं की अर्ज नवा द्या, जुन्याचा नंबर टाकून.