रजिस्ट्री सेटचा स्कोअर कसा काढतात, आणि पैसे आधी कुठल्या नाण्यावर घालायचे

रजिस्ट्री म्हणजे लोकांनी जमवलेले नाण्यांचे सेट ऑनलाइन नोंदवून त्यांना स्कोअर आणि रँक देणारी यादी. तिथे नवीन माणूस हमखास काय करतो, तर एमएस-६७ चं एक चकचकीत नाणं घेतो, रजिस्ट्रीत टाकतो आणि मग रँक का हलत नाही म्हणून वैतागतो. मी पण तेच केलंय. नाणं भारी असून उपयोग नाही, त्या सेटमधे त्या नाण्याला वजन किती दिलंय ते बघायचं असतं.

आधी थोडक्यात ग्रेडचं, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याच्या आकड्याचं. १ ते ७० ची शेल्डन स्केल, ६० पासून पुढे एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं, हे बहुतेकांना माहीत असतं. नाण्यांना ग्रेड देणाऱ्या आणि रजिस्ट्री चालवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन, पीसीजीएस आणि एनजीसी, दोन्ही अमेरिकेतल्या, आणि दोघींचं गणित पूर्ण वेगळं आहे. इथेच लोक गोंधळतात.

पीसीजीएसचं आधी बघू. तिथे सेटमधल्या प्रत्येक नाण्याला १ ते १० असं वेट असतं, दुर्मिळ नाण्याला जास्त, कुठेही मिळणाऱ्याला १. ग्रेड गुणिले वेट करायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि पूर्ण सेटच्या एकूण वेटने भागायचं. समजा तीनच नाण्यांचा सेट आहे, वेट १, १ आणि ३, तिन्ही एमएस-६५. रेटिंग आलं ६५. आता वेट १ वालं एक नाणं ६७ चं घेतलंत तर रेटिंग ६५.४, आणि वेट ३ वालं ६७ चं घेतलंत तर ६६.२. अपग्रेड दोन्हीकडे दोनच पॉइंटचं, पण फायदा तिप्पट.

आणि खरी गंमत रिकाम्या जागेची आहे. ते ३ वेटचं नाणं तुमच्याकडे नसेलच तर तिथे शून्य धरतात, म्हणजे १३० भागिले ५, रेटिंग थेट २६!! तिथे नुसतं एमएस-६३ आणून बसवा, ६३.८ होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी भोकं बुजवा, मग जास्त वेटची नाणी सुधारा, आणि ६७ चं ६८ करायचा नाद सगळ्यात शेवटी. त्या एका पॉइंटसाठी कधी कधी अख्ख्या सेटएवढे पैसे जातात.

सेट निवडताना पण डोकं लावा. वॉकिंग लिबर्टी हाफ डॉलरचा (अमेरिकेचं जुनं अर्ध्या डॉलरचं नाणं) पूर्ण सेट १९१६ ते १९४७, ६५ नाणी, त्यात १९२१-डी (डी म्हणजे डेन्व्हर टांकसाळ) सारखं नाणं बसलंय जे फक्त २,०८,००० पाडलं होतं. त्याऐवजी १९४१ ते ४७ चा शॉर्ट सेट घ्या, २० नाणी, जमण्यासारखा आहे. त्यात १९४१-एस (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) तेवढं त्रास देतं कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर छाप कच्ची पडायची, लिबर्टीच्या हाताची बोटं नीट दिसणारं नाणं शोधता शोधता दमायला होतं.

पीसीजीएसकडे ग्रेडशिवाय बोनसही असतो. प्लस ग्रेडला (त्याच आकड्यातलं जरा सरस नाणं, जसं ६५+) अर्धा पॉइंट, तांब्याच्या सेंटला मूळ लाल रंग टिकलेला असेल तर बोनस, मर्क्युरी डाइमला (जुनं अमेरिकी दहा सेंटचं नाणं) मागच्या बाजूचे पट्टे पूर्ण उठलेले असतील तर बोनस. सगळ्या सेटना सगळे बोनस लागू नसतात, त्यामुळे त्या सेटचे नियम वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

एनजीसीकडे सरासरी वगैरे भानगड नाही. तिथे प्रत्येक नाण्याला त्या त्या ग्रेडप्रमाणे ठरलेले पॉइंट असतात आणि सरळ बेरीज होते. त्यामुळे अर्धवट सेट असला तरी त्यात दोन-चार जबरदस्त नाणी असतील तर तो एखाद्या पूर्ण पण साध्या सेटच्या पुढे जाऊ शकतो. तिथे दुर्मिळ नाण्यावर पैसे घातले तर पॉइंट भराभर वाढतात. पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत मात्र फक्त पीसीजीएसचेच स्लॅब, म्हणजे ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली नाणी, चालतात, हे खरेदीच्या आधी लक्षात असू द्या.

आता आपल्या लोकांसाठी खास. मुंबई टांकसाळीचा राणीछाप रुपया आजीच्या डब्यात सापडला की पहिलं काम काय, तर चिंच लावून घासायचा. नका हो करू! घासलेल्या नाण्याला ग्रेडचा आकडा मिळत नाही, नुसतं डिटेल्स (म्हणजे नाण्यात काही बिघाड आहे असा शेरा) लिहून परत येतं, आणि पीसीजीएसच्या रजिस्ट्रीत ते चालत नाही. एका विक्रेत्याने मला असंच एक धुतलेलं नाणं ओरिजिनल म्हणून गळ्यात मारलं होतं, ग्रेडिंगची फी गेली ती वेगळीच.

पॉप्युलेशन रिपोर्टवर, म्हणजे कुठल्या ग्रेडची किती नाणी आहेत ते सांगणाऱ्या कंपनीच्या यादीवर, पण डोळे मिटून विश्वास नको. लोक जास्त ग्रेडच्या आशेने नाणं स्लॅबमधून फोडून पुन्हा पाठवतात, जुनं लेबल परत देत नाहीत, मग एकच नाणं दोनदा मोजलं जातं.

सेकंडहँड स्लॅब घेतलात तर आल्या आल्या त्याचा सर्टिफिकेट नंबर तुमच्या नावावर टाकून बघा. एक नंबर एका वेळी एकाच्याच सेटमधे बसतो, आणि जुन्या मालकाने काढला नसेल तर ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकावी लागते.