गावातला ताप वहीत कसा मांडावा

एका पावसाळ्यात आमच्या आळीत एकाच रांगेतल्या चार घरांत ताप होता. एक घर तालुक्याच्या दवाखान्यात गेलं. दुसऱ्याने गावात फेरी मारणाऱ्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेतली, तिसऱ्याने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आणि चौथ्या घरातल्या बाईने धानाच्या रोवणीची मजुरी बुडू नये म्हणून ताप अंगावर काढला. चार घरं चार वाटांनी गेली, म्हणून साथ कोणालाच दिसली नाही. दिसली तेव्हा अर्धी आळी अंथरुणाला खिळली होती. त्या वर्षापासून जून ते नोव्हेंबर मी एक वही ठेवतो. प्रत्येक गावात अशी एक वही असावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून ती कशी ठेवायची ते लिहितो.

वही मांडणं

शंभर पानी वही पुरते. रकाने एवढेच: तारीख, घर क्रमांक, वय, ताप किती दिवसांचा, सोबत काय (थंडी, पुरळ, उलटी, जुलाब, झटके), रक्त तपासलं का, आणि गेल्या पंधरा दिवसांत माणूस बाहेरगावी किंवा जंगलात गेला होता का. नाव लिहू नका. दुखणं ज्याचं त्याचं असतं, ते पानटपरीवर वाचलं जायला नको. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, आळीतून एक फेरी मारा. शाळेतल्या गुरुजींना कोणत्या वर्गात किती मुलं तापाने गैरहजर आहेत तेही विचारा. मुलांचा ताप शाळेच्या हजेरीत लवकर दिसतो.

आशाताईंचं रजिस्टर असतंच, पण साधारण हजार माणसांमागे त्या एकट्या. तुमच्या वहीने त्यांचं ओझं हलकं व्हावं. त्यांच्यावर पाळत ठेवायला ती वही नाही.

हजारी दर काढणं

नुसत्या आकड्याने फसायला होतं. समजा तुमच्या 800 वस्तीच्या गावात आठवड्यात 12 जणांना ताप आला आणि 6000 वस्तीच्या बाजारगावात 30 जणांना. बाजारगावाचीच चर्चा होईल. पण तापाच्या आकड्याला लोकसंख्येने भागून हजाराने गुणा: तुमच्याकडे हजारी 15, तिकडे हजारी 5. म्हणजे तुमच्या गावात ताप तिप्पट आहे. तालुक्याची सरासरी काढली की लहान गावं त्यात बुडून जातात, म्हणून आपल्या गावाचा दर आपण काढायचा. मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. दर सलग दोन आठवडे चढला, किंवा एकाच रांगेत तीन-चार ताप दिसले, की वही घेऊन आशाताई आणि उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे जा. 104 वरही आरोग्याची माहिती मिळते.

काही बाबतींत मोजत बसायचंच नाही. लहान मुलाला ताप येऊन झटके आले, ते गुंगीत गेलं, की लगेच 108. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाचा विषाणू 1965 साली सापडला. वाळूमाशीतून पसरणारा हा आजार मुलाला एक-दोन दिवसांत बेशुद्ध करू शकतो, आणि त्यावर लस नाही. तापासोबत गोवरासारखी पुरळ दिसली तर एकाच मुलाची खबरही त्याच दिवशी द्या.

रक्त आधी, गोळी मग

ताप आला की पहिल्याच दिवशी रक्त तपासायचं. हिवतापाची पट्टी आशाताईंकडे असते, अर्ध्या तासाच्या आत निकाल कळतो. व्हायवॅक्स, म्हणजे उलटून येणारा हिवताप, निघाला तर प्रायमाक्विनची गोळी 14 दिवस घ्यावी लागते. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात. तिथेच घात होतो, कारण हिवतापाचे जंतू यकृतात लपून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ही गोळी देत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या कोणी घेऊ नयेत.

रक्ताचा निकाल येईपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल, तेही वयाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. डेंगू असेल तर रक्तस्राव वाढतो. डेंगूत आणखी एक फसगत आहे. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोक्याचे दिवस नेमके तेव्हा सुरू होतात. पोट सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडून सुस्ती येणं, यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका.

पोळ्याच्या आसपास, गवत कापायला, गुरं चारायला जाणाऱ्यांना ताप आला तर काख, जांघ, कमरेची करगोट्याची जागा नीट पाहा. बिडीचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग असेल तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात याने माणसं दगावली. वेळेवर औषध मिळालं तर तो बरा होतो. डाग नसला तरी डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ‘गवतात गेलो होतो.’ एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होतं.

कोरडा दिवस

आपल्याकडे डेंगूचं मोठं घर म्हणजे कूलर. मृगाचा पाऊस पडला की तो बंद होतो, आणि टाकीतलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच राहतं. डासाची अंडी ते उडणारा डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा, म्हणून आठवड्याचा एक दिवस ठरवून सगळी भांडी रिकामी करायची: कूलर, रांजण, गुरांचा हौद, अंगणातले टायर. नुसतं ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडीही महिनोन्‌महिने जगतात, तेव्हा कडा घासा. रिकामं करता येत नाही अशा टाक्यात गप्पी मासे सोडा. संडासाच्या गॅस पाइपला जाळी बांधा; हत्तीरोगाचा डास घाण पाण्यातला. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला माणसं आली की जेवून, त्यांच्यासमोरच घ्या.

घरं तपासली की तेही वहीत लिहा: 120 पैकी 18 घरांत अळ्या, म्हणजे शेकडा 15. पुढच्या आठवड्यात हा आकडा उतरला पाहिजे.

लसीचं पान

वहीचं मागचं पान दोन वर्षांच्या आतल्या मुलांचं. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. गोवर रोखायला शंभरातल्या किमान 95 मुलांना दोन्ही मात्रा हव्यात. दुसऱ्या मात्रेच्या वयाची गावात 20 मुलं असतील तर एकाहून जास्त मूल सुटलेलं चालत नाही. हा हिशेब मांडला की ‘दोन-तीनच तर राहिली’ असं म्हणता येत नाही.

सुटतात ती कोणती मुलं? बाळंतपण माहेरी झालेली, ज्यांचं कार्ड माहेरीच राहिलं. आणि मिरची तोडायला आई-वडिलांसोबत तेलंगणात गेलेली. धानाच्या पट्ट्यात जिथे मेंदूज्वराची जेई लस सरकारी यादीत आहे, तिथे तीही गोवराच्याच सत्रात मिळते, म्हणजे एक सत्र हुकलं की दोन लसी हुकतात. चुकलेली गोवराची मात्रा पाच वर्षांपर्यंत देता येते. साध्या सर्दीसाठी बाळाला परत नेऊ नका, नर्सताईंना दाखवा आणि त्यांना ठरवू द्या.

गाडी सुटायच्या आधी त्या घरी जा. माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधारसोबत ठेवायला सांगा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून द्या आणि पुढची तारीख बाळाच्या आजीलाही सांगून ठेवा. तिकडच्या अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवलं की लस फुकट मिळते.