रॉडवर गाईड कुठे बसवायचे आणि दोरा कसा गुंडाळायचा

ठाणे-नवी मुंबईकडे खाडीत जिताडा नाहीतर तांबोशीच्या मागे फिरणारे बरेच जण हल्ली ब्लँक (रॉडची नुसती काठी) मागवून मासेमारीचा रॉड घरीच बांधतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, गाईड (लाइन ओवायच्या कड्या) किती इंचावर बसवू. तक्ते मिळतात, जरूर घ्या, पण ते फक्त सुरुवातीला. 7 फुटी दोन ब्लँक सारखे वाकत नाहीत, एक शेंड्याकडेच वाकतो, दुसरा पार मधूनच, मग दोघांना एकच अंतर कसं चालेल?

आधी स्पाइन शोधा, म्हणजे ब्लँक आपणहून ज्या बाजूला वाकतो ती बाजू. बुडखा गुळगुळीत लादीवर टेकवा, शेंडा एका हातावर तिरका धरा, दुसऱ्या तळव्याने मधोमध खाली दाबत ब्लँक फिरवा, एका जागी तो आपोआप गचकन बसतो. बाकाची आतली बाजू म्हणजे वरची, तिथे खूण करा. स्पिनिंग रॉडचे (रील खाली लटकतं तो) गाईड या खुणेवर, बेटकास्टिंगचे (रील वर बसतं तो) बरोबर उलट्या बाजूला.

7 फुटाला टिप (शेंड्याची कडी) सोडून साधारण 8 गाईड धरा. स्पिनिंगला सगळ्यात मोठा गाईड रीलच्या स्पूलपासून (लाइन गुंडाळलेली चकती) 20 ते 24 इंचावर, पुढचे दोन पटापट लहान होत जाणारे, मग टोकापर्यंत सगळे एकाच छोट्या मापाचे. फक्त ब्रेड (विणलेली मुख्य लाइन) आणि लीडरची (तिच्या पुढे जोडलेला लाइनचा तुकडा) गाठ त्यातून न अडकता जाते का ते आधीच बघा, नाहीतर कास्ट करताना गाठ आपटत राहील. सगळे गाईड मास्किंग टेपने तात्पुरते चिकटवा, दोरा अजिबात नको.

आता खरं काम, ज्यात घाई करू नये. रील लावा, लाइन सगळ्या गाईडमधून ओवून टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि रॉड चांगला वाकवून कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. लाइन ब्लँकच्या बाकासोबत जायला हवी. जिथे दोन गाईडमध्ये ती ब्लँकपासून लांब सरळ ताणली जाते तिथे अंतर जास्त आहे, गाईड जवळ घ्या, अर्धा सेंटिमीटर सरकवला तरी फरक दिसतो. बेटकास्टिंगला लाइन ब्लँकला कुठेच घासता कामा नये. पुन्हा वाकवा, पुन्हा बघा, आणि मग जवळच्या मैदानात वजन लावून थोडे कास्ट मारूनच जागा पक्की करा.

गुंडाळायच्या आधी गाईडच्या पायाचं (ब्लँकवर टेकणारी पट्टी) टोक बारीक कानशीने उतरतं करा म्हणजे दोरा त्यावर सहज चढेल, आणि खालून बोट फिरवून धार राहिली नाही ना बघा, ती धार ब्लँकला कापते.

हलक्या रॉडला ए साइजचा नायलॉन दोरा पुरतो, जाड कामाला डी. ताण देण्यासाठी दोरा एका जड पुस्तकाच्या पानांमधून काढा. पायाच्या टोकाच्या 4-5 मिलिमीटर अलीकडे, ब्लँकवर सुरुवात करा, दोऱ्याचं टोक 5-6 वेढ्यांखाली दाबून उरलेलं कापा, मग वेढ्याला वेढा चिकटवत पायावर चढत रिंगकडे जा. फट पडली तर प्लॅस्टिकच्या पेनाच्या टोपणाने ढकलून बंद करा, लगेच, नंतर होत नाही. शेवटचे 8-10 वेढे राहिले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास ठेवून त्यावरूनच गुंडाळा, मग दोरा कापून टोक फासात घाला आणि फास ओढून घ्या, टोक वेढ्यांखाली गडप होतं. ताण इतकाच हवा की गुंडाळल्यावरही अंगठ्याने गाईड किंचित हलवून सरळ करता येईल, आवळून बांधलं तर वाकताना पाय ब्लँकमध्ये रुततो.

साध्या नायलॉनचा रंग एपॉक्सी (दोऱ्यावर लावायचा दोन भागांचा लेप) लावल्यावर गडद आणि थोडा पारदर्शक होतो, रंग तसाच हवा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लावा.

एपॉक्सीचे दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने अगदी सारखे मोजा, अंदाजे नको, 3-4 मिनिटं हळू ढवळा आणि फॉइलवर पसरा, बुडबुडे बाहेर पडतात. पातळ थर लावा आणि रॉड फिरता ठेवा. मोटर नसेल तर पहिले काही तास दर थोड्या मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम उघड्या गॅलरीत करू नका, दमट हवेत फिनिश दुधाळ होतं, एसीची खोली असेल तर तिथेच करा. हाताला कडक लागलं तरी दोन-तीन दिवस रॉड वाकवू नका, आणि खारं पाणी पायापर्यंत जायला नको म्हणून दोऱ्याच्या दोन्ही टोकांना आणि रिंगच्या बुडाशी एपॉक्सी नीट पोचलंय ना ते उजेडात धरून तपासा, कुठे कोरडं दिसलं तर तिथे अजून एक पातळ थर द्या.