तमिळ सिनेमा आणि सत्ता : दोन तासांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

नाशिकमध्ये हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘तिकडे लोक नटाला देव मानतात.’ ते एकदा मान्य झालं की पुढे शिकण्यासारखं काही उरत नाही. म्हणून सुरुवात नटापासून नको, पक्षापासून करा.

कॉलेज रोडवरची एखादी वर्गखोली, पंधरा-वीस जण, पाच फूट कागद आणि दोन मार्कर पुरतात. कागदावर आडवी रेघ ओढा. वर काळ्या शाईत पक्ष, खाली लाल शाईत सिनेमा. १९४९ : अण्णादुराईंनी द्रमुक (द्रविड मुन्नेत्र कळघम) हा पक्ष स्थापला. १९५२ : द्रमुकचे नेते करुणानिधी यांच्या संवादांचा ‘पराशक्ती’ चित्रपट. त्यातला न्यायालयाचा प्रसंग दाखवणार असाल तर संवादांचं मराठी भाषांतर आधी छापून वाटा. नाहीतर नुसता चढा आवाज ऐकू येतो आणि लोक हसतात. १९६७ : द्रमुक सत्तेत.

आता द्रमुकमधले नट एम. जी. रामचंद्रन. १९७२ साली द्रमुकमधून बाहेर, नवा अण्णाद्रमुक, १९७७ साली मुख्यमंत्री. इथे घाई करू नका. पाच वर्षांत पक्ष गावोगाव पोचला, कारण त्यांची रसिगर मन्रम, म्हणजे चाहत्यांची मंडळं, द्रमुकच्या प्रचारात आधीच मुरलेली होती. फूट पडल्यावर तीच नव्या पक्षाच्या शाखा झाली.

मन्रम समजावायला पंचवटीतलं गणेश मंडळ घ्या: वर्गणी, फलक, रक्तदान शिबिर, मग अध्यक्षाला नगरसेवकपदाची उमेदवारी. पण फरकही सांगाच. मंडळ गल्लीचं असतं, मन्रम नटाचं. नट अजितकुमार यांनी २०११ साली आपली मन्रम बरखास्त केली. गल्लीतलं मंडळ असं एका माणसाच्या शब्दावर मोडत नाही.

उरलेला वेळ हरलेल्यांना द्या, खरा अभ्यास तिथे होतो. नट शिवाजी गणेशन यांचे चाहते कमी नव्हते. तरी काँग्रेस सोडून काढलेल्या पक्षातर्फे १९८९ साली ते तिरुवैयारूत पडले. नट विजयकांत यांच्या पक्षातून २००६ साली ते एकटेच निवडून आले, तर २०११ साली अण्णाद्रमुकशी युती केल्यावर २९ आमदार. कमल हासन २०२१ साली दक्षिण कोइमतूरमध्ये हरले. रजनीकांत (मराठी घरातले, म्हणून आपल्याकडे प्रश्न त्यांच्यावरच जास्त येतात) २०१७च्या अखेरीस पक्षाची घोषणा करून २०२०च्या अखेरीस मागे फिरले. प्रत्येक नावापुढे तीनच रकाने: शाखा होत्या का, युती कुणाशी, विचार कोणता.

नट विजय यांची ओळ सहभागींना भरू द्या: आधी विजय मक्कळ इयक्कम ही चाहत्यांची संघटना, २०२४ साली पक्ष. करूरला २७ सप्टेंबर २०२५च्या त्यांच्या सभेत चेंगराचेंगरीत ४१ जण गेले. त्याचा व्हिडिओ दाखवू नका, आकडा पुरे.